भिंतीपलीकडचा तीन नंबर

आमच्या घराची मागची भिंत सामाईक होती. अलीकडे आमची मोठी खोली आणि पलीकडे कापड विणणाऱ्या लूमची शेड. आजोबांनी भाताचं खळं मोडून ती जागा एका शेटला दिली होती, त्यामुळे आवाजाची तक्रार करायची सोयच नव्हती. सकाळी सातच्या शिफ्टला खटाखट सुरू झाली की फडताळातल्या कपबशा बारीक किणकिणायला लागायच्या, पाण्याच्या हंड्यावरचं झाकण थरथरायचं आणि घरातले सगळे एकमेकांशी ओरडून बोलायला लागायचे. कुणी हळू बोललं तर याला ताप आलाय की काय, असं विचारायचे. पाहुणे आले की अर्ध्या तासात डोकं धरून ओट्यावर जाऊन बसायचे, आणि आम्हाला कळायचं नाही यांना झालं काय. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात माझ्या सासूबाईंना वाटलं, सून भांडखोर मिळाली. मी त्यांना फक्त चहा टाकू का म्हणून विचारत होते. तशी मी भांडखोरही आहे, पण ते त्यांना नंतर कळलं.

शुक्रवारी शेड बंद. त्या दिवशी घर असं गप्प व्हायचं की आईला अंगणातल्या कोंबडीचं पाऊल ऐकू यायचं म्हणे. आईचा नियम होता, शुक्रवारी घरात गाणं वाजवायचं नाही. सहा दिवस कान शिजतात, एक दिवस त्यांना सुट्टी. हा नियम कुणी मोडला नाही, कारण घरात आप्पांचा शब्द चालतो असं दाखवायची पद्धत होती आणि चालायचा आईचा. आता मागे वळून बघते तेव्हा हसू येतं. एवढ्या साध्या नियमानं आम्हा पाच माणसांना इतकी वर्षं एक गोष्ट कळू दिली नाही, आणि त्यापायी मी माझ्या जागेवरून जवळजवळ उठवली गेले होते.

आता माणसं सांगते. आप्पा म्हणजे माझे वडील. नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करायचे. आमच्या भोईरांच्या घरातले शाई-कागदावर बसलेले ते पहिलेच, बाकी सगळे खाडी आणि शेतात. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या कुणाहीपुढे ते लगेच नरम व्हायचे. 'हो साहेब' हे दोन शब्द त्यांच्या तोंडात कायम तयार. घरात मात्र पेटीवर बसले की वेगळाच माणूस, मान ताठ आणि आवाज खणखणीत. आई खारबावची. तिच्या माहेरी बायकांचा गळा नावाजलेला; हळदीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला तिच्या आईला गावोगाव न्यायचे. आई चुलीपाशी खाडीतल्या निवट्यांचं कालवण ढवळता ढवळता असा सूर लावायची की पलीकडचा लूम चालवणारा एखादा विणकर खिडकीशी येऊन उभा राहायचा. मोठा भाऊ विलास, त्याला मी दादा म्हणते. तो गिटार वाजवायचा, बोटं चांगली आणि डोकं भलतीकडे. आणि नानाकाका, आप्पांचा धाकटा भाऊ. तो जहाजावर इंजिनखोलीत होता, आणि जी काही भानगड झाली ती सगळी त्याच्यामुळे.

नानाकाका जहाज सोडून कायमचा घरी आला तेव्हा त्याच्या पेटीत साबण, चॉकलेट, घड्याळं निघतील म्हणून आम्ही कोंडाळं करून बसलो होतो. निघाल्या कॅसेट. पन्नास-साठ कॅसेट आणि गोधडीत गुंडाळलेली चार तारांची जाड गिटार. आईला वाटलं मोडकी आहे, दोन तारा तुटल्यात. काकानं ती लावली आणि फडताळातल्या कपबशा वेगळ्याच किणकिणल्या. त्या कॅसेटमध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी होती, एकेक बँड म्हणजे अख्खं घर, भाऊ-बहिणी-चुलते. काका सांगायचा, यांच्यात पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकदम उतरायचं, मग बाकीच्या मात्रा कुठंही भटका, पण परत पहिलीवर घरी या. आप्पा म्हणाले, म्हणजे सम. काका म्हणाला, समच, पण कंबरेतून. याला काय म्हणतात विचारलं तर त्यानं एक शब्द सांगितला, फंक, तो आप्पांना शिवीसारखा वाटला. संथ गाण्यांना तो सोल म्हणायचा. एकदा एक बाई गाताना रडतेय की हसतेय कळेना, तेव्हा आई हातातली सुकट निवडायची थांबली, म्हणाली, आमच्या हळदीला नवरीची आई अशीच गाते. आणि तिनं त्या गाण्यावरच धवला लावला. काकानं खालून जाड गिटार सुरू केली. माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू.

ड्रम माझ्याकडे आले ते दादामुळे. दादरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा जुना सेट काकानं आणला तो दादासाठी. पण दादाचे हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे, दोघांची ओळखच नाही. महिनाभर तो घाम गाळत होता आणि मी दारात उभी राहून हसत होते. शेवटी वैतागून म्हणाला, ये, तूच बस. मी बसले आणि मला जमलं. यात माझी काही हुशारी नाही. आमच्याकडे मसाला कुटायचा तो उखळात, दोघींनी समोरासमोर उभं राहून, दोन मुसळांनी. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. चुकलात तर मुसळ मुसळावर, नाहीतर कपाळ कपाळावर. दहा वर्षांची होते तेव्हापासून मी आईसमोर कुटत आलेय, मिरचीनं डोळे मिटलेले असतानासुद्धा. ड्रम म्हणजे तेच, फक्त तिखट नाही.

पोरगी पाय फाकवून ढोल बडवते, म्हणून बोलणारे बोलले. एक आत्या तर खास दापोड्याहून समजवायला आली होती. आईनं तिला चिंबोरीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी वाढली, पोटभर जेवू दिलं आणि मग म्हणाली, आता ऐक. आम्ही वाजवलं. आत्या गेली ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. तिच्या मुलाच्या हळदीला आम्हालाच बोलावलं.

सरावाची खोली म्हणजे ती मागची मोठी खोली. आप्पा कचेरीतून येऊन चहा प्यायले की बसायचो. माझा सेट भिंतीला चिकटून, कारण दुसरीकडे जागा नव्हती. स्टुलावर बसले की लूमचा ठोका स्टुलातून पाठीत यायचा, पण तो कुणाला जाणवतोय? जन्मापासून अंगात असलेली गोष्ट माणूस मोजत नाही. लाइट गेली की लूम बंद आणि त्याच क्षणी काकाचा अँप्लिफायर बंद, आप्पांनी नवीन घेतलेला ऑर्गनही बंद. मग सगळे ओट्यावर येऊन वारा घेत बसायचे. लाइट आली की दोन्हीकडे एकदम सुरू. बाहेर कार्यक्रमाला गेलो की मांडवात जनरेटरची धडधड आणि नाचणाऱ्यांचे दोनशे पाय. थोडक्यात, शांततेत वाजवायची वेळ आमच्यावर कधी आलीच नाही.

आत्याच्या मुलाच्या हळदीत मुंबईचा एक कॅसेटवाला आला होता. पांढरी सफारी घातलेला, तोंडात बडीशेप. त्यानं दोन तास ऐकलं आणि निघताना आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की कॅसेट काढू या, आठ गाणी, स्टुडिओ माझा, एक दिवसाची शिफ्ट तुमची. आप्पा म्हणाले, हो साहेब. घरात शिरल्यावर आईनं देवापाशी साखर ठेवली आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. कॅसेटवर काय नाव द्यायचं यावरून आप्पा आणि काका भांडले. शेवटी ठरलं, भोईर बंधू आणि पार्टी. मी आणि आई 'आणि पार्टी'त. मी चिडले होते, पण फार नाही. आपण वाजवलेलं कुणीतरी कॅसेट घालून ऐकणार, एवढ्यानंच मी हवेत होते. माझ्या वयाच्या मुलींना तेव्हा स्थळं बघायला लागले होते, आणि माझ्याकडे दोन काठ्या होत्या. त्या दोन काठ्यांनी मला घरात जी जागा दिली होती ती मला कशाच्याही बदल्यात सोडायची नव्हती.

स्टुडिओ एका इमारतीच्या पोटात होता. आत भिंतींना जाड कापड, जमिनीवर गालिचा, आणि दार असं की ते लावलं तर बाहेरचं जगच संपलं. दार लागलं आणि आई कानाला हात लावून म्हणाली, "कानात पानी गेल्यासारखं वाटतंय गो. काय बी न्हाय ऐकायला येत." काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, सडपातळ, चष्मा लावलेला माणूस. त्यानं बोट वर केलं. मी चार ठोके दिले आणि सुरू झालो.

काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही मला. सुरुवात बरी झाली. मग काका थोडा मागे राहिला असं वाटलं म्हणून मी हात आवरला, तेवढ्यात दादा पुढे गेला, म्हणून मी त्याच्यामागे धावले, आप्पांचा डावा हात कुठेतरी तिसरीकडेच. पहिल्या मात्रेवर घरी यायचं ठरलेलं, आणि पाच जण पाच दारांनी घरी. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा आई गाता गाता थांबली. आठ वेळा घेतलं असेल. जेवणाची सुट्टी झाली, आईनं डब्यातून आणलेल्या भाकऱ्या तशाच राहिल्या. दुपारनंतरही तेच. रेकॉर्डिस्ट चांगला माणूस होता, ओरडला नाही. एकदा फक्त म्हणाला की तुमची सगळी गाणी एकाच लयीची आहेत, हळू असलं तर बरोबर निम्मं, हे कसं काय? मग त्यानं कॅसेटवाल्याला सांगितलं की ठेका स्थिर नाही, आणि ठेका म्हणजे ड्रम.

चौघांनीही माझ्याकडे बघितलं. आईनंसुद्धा. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. कॅसेटवाल्यानं बडीशेप चघळत सांगून टाकलं की पंधरा दिवसांनी सोमवारी अजून एक शिफ्ट देतो, पण ती शेवटची. ड्रमवर आपला फ्रान्सिस बसेल, वीस वर्षं हेच करतोय. पोरीच्या हातात खुळखुळा द्या, तिचाही फोटो येईल. आप्पांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "हो साहेब."

घरी आल्यावर मी जेवले नाही. आप्पांशी बोलले नाही. रडले का? रडले, पण न्हाणीघरात, नळ सोडून. वाईट याचं वाटत होतं की मला पटलं होतं. मीच चुकले. मीच त्या सगळ्यांचं वाटोळं केलं, आईच्या गळ्याची कॅसेट निघणार होती ती माझ्या हातांनी घालवली. पण मग दुसऱ्या दिवशी सेटवर बसले आणि एकही ठोका इकडचा तिकडे होईना. दादा म्हणाला, अगं, हे तर बरोबर आहे. मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज बरोबर. मला वेड लागायची वेळ आली. घरी नीट वाजतं आणि तिथे नाही, म्हणजे मी भित्री, एवढाच अर्थ निघत होता. आणि भित्री म्हणवून घेण्यापेक्षा मला बेताल म्हटलेलं चाललं असतं.

शुक्रवार आला. आई बाजारात, आप्पा कचेरीत, काका आणि दादा मानकोलीला कुणाकडे गेलेले. आईचा नियम होता, पण माझं डोकं फिरलेलं होतं. मी सेटवर बसले आणि पहिलं गाणं सुरू केलं. आणि तिथं, माझ्या स्वतःच्या खोलीत, माझ्या स्टुलावर, स्टुडिओत झालं होतं तेच झालं. हात धावायला लागले. आवरले तर रेंगाळायला लागले. दोन मात्रांमध्ये एक पोकळी यायची आणि तीत किती थांबायचं हेच मला ठरवता येईना. समोर साहेब नाही, काच नाही, घाबरायला कुणीच नाही. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. मग काठ्या फेकल्या.

खिडकीत मुस्तकीमचाचा उभे होते. भिंतीला लागून असलेले लूम तेच चालवायचे, मी परकरात होते तेव्हापासून. नमाजला जायला म्हणून पांढरा कुर्ता घातलेला, डोक्याला तेल. ते हसत होते, आणि मला त्या वेळी कुणी हसलेलं चाललं नसतं. मी फटकन विचारलं की हसता काय. ते म्हणाले, "बिटिया, तुम तो हमारे तीन नंबर के साथ बजाती हो. आज तीन नंबर की छुट्टी है."

तीन नंबर म्हणजे माझ्या स्टुलामागचा लूम. चाचांनी सावकाश समजावून सांगितलं. म्हणाले, मध्ये एकदा त्याचा पट्टा ढिला झाला होता, चार दिवस तो सुस्त चालत होता, आणि ते चार दिवस तुमच्या घरची गाणीही सुस्त होती. शेडमध्ये सगळे हसायचे. आम्हाला वाटायचं तुम्हाला माहीत आहे, मुद्दाम करता. मग ज्याला आमच्याकडे ट्यूब पेटली म्हणतात ती पेटली. स्टुडिओत तीन नंबर नव्हता. आणि तिथे माझ्या एकटीच्या पाठीमागचा तीन नंबर गेला नव्हता. पाचही जणांचा गेला होता.

संध्याकाळी सगळे आल्यावर मी सांगितलं. दादानं उडवून लावलं, काका डोकं खाजवायला लागला. मी म्हटलं, बसा, आत्ताच्या आत्ता वाजवा, माझ्याशिवाय. आईकडे बघून म्हटलं, आजच्या दिवस नियम बाजूला राहू दे. आई पदर खोचून उभी राहिली, हो म्हणाली. मी हाताची घडी घालून भिंतीला टेकले. आमच्या घरात शुक्रवारी पहिल्यांदा आईसमोर गाणं सुरू झालं. दहाव्या मात्रेला दादा पुढे. विसाव्याला काका हसायला लागला, कारण त्याला कळलं. आप्पा मात्र थांबेनात. मान खाली घालून स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत वाजवत राहिले, तो हात कसा सटकतोय ते बघत. सगळे थांबल्यावरही ते एकटेच वाजवत होते. मग त्यांनी ऑर्गनचं बटण बंद केलं.

"माझं चुकलं, कुंदा," ते म्हणाले. "मी तुझ्याकडे बघितलं. या हाताकडे बघायला हवं होतं."

आप्पांच्या तोंडून चुकलं हा शब्द मी आधी ऐकलेला नव्हता, कचेरीतल्या नोंदींबद्दलसुद्धा नाही. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो खरोखर उतरतो. मला एकदम भूक लागली. आईनं दुपारचं वालाचं बिरडं गरम केलं आणि मी चार भाकऱ्या खाल्ल्या, आप्पांच्या ताटाशेजारी बसून. आज वयाच्या या टप्प्यावर रक्तातली साखर सांभाळून अर्धी भाकरी खाते, तेव्हा त्या चार आठवतात.

पण नुसतं कळून काय उपयोग? सोमवार दहा दिवसांवर. दहा दिवसांत अंगातून लूम काढायचा कसा? मी रोज पहाटे शिफ्ट सुरू व्हायच्या आधी उठून प्रयत्न केला, थोडं सुधारलं, पण आठ गाणी पेलण्याइतकं नाही. डोकं चाललं ते दादाचं. एरवी भलतीकडे असणारं ते डोकं त्या दिवशी नेमकं जागेवर आलं. लूम नेता येत नाही, पण लूमचा आवाज तर नेता येतो, म्हणाला. पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर चाचांनी शेटची परवानगी काढली आणि सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या शेडमध्ये, एकटा तीन नंबर चालवला. आधी पट्टा घट्ट केला, तेल घातलं, लग्नाला निघाल्यासारखा पुसून घेतला. दादा टेपरेकॉर्डर धरून शेजारी उकिडवा बसला. चाचा आम्हाला बोटानं गप्प बसायला सांगत होते, त्या खडखडाटात. इतक्या लूममधून तो एकटा वेगळा ऐकायची माझीही पहिलीच वेळ. खट आणि खटाक, खट आणि खटाक. मी हात बांधून उभी होते आणि पाय आपोआप चालत होता. पलटी मारून कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. चाचांनी त्याबद्दल काही घेतलं नाही. शेवया मात्र घेतल्या, आईनं डबा भरून दिला त्या.

सोमवारी स्टुडिओत पोचलो तर फ्रान्सिस आधीच येऊन ड्रमवर बसलेला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, शांत माणूस. माझ्यासाठी एका खुर्चीवर खरंच खुळखुळा ठेवला होता, लाल रंगाचा. मी आप्पांकडे बघितलं. घरून निघताना त्यांनी सांगितलं होतं की मी बोलतो. पण आप्पांचं बोलणं मला माहीत होतं. कॅसेटवाला खुर्चीत, पुढ्यात टेबल, आप्पा टेबलाच्या अलीकडे उभे. जन्मभर ते टेबलांपुढे असेच उभे राहिले होते. मला वाटलं, गेलं सगळं.

"साहेब," आप्पा म्हणाले, "ड्रमवर कुंदा बसेल."

कॅसेटवाल्यानं बडीशेपचा डबा बंद केला आणि विचारलं की मागच्यासारखं झालं तर? आप्पा म्हणाले की मागच्या वेळी आम्ही पाचही जण चुकलो होतो, आणि त्यात पहिला मी. तिनं एकटीनं शोधून काढलं कुठं चुकलो ते. तिच्याशिवाय वाजवायचं असेल तर आम्ही परत जातो. कॅसेटवाला हसला की चिडला, कळलं नाही. म्हणाला, एकदा बघू, जमलं नाही तर फ्रान्सिस. फ्रान्सिस आपणहून उठला, माझ्या उंचीला स्टूल फिरवून खाली केलं आणि मी बाहेर चहा पितो म्हणाला. फार मोठ्या मनाचा माणूस. त्याला चहा चारचार वेळा लागू दे, अशी मी मनात प्रार्थना केली.

रेकॉर्डिस्टला दादानं कॅसेट दिली. त्यानं ऐकली, चष्मा वर केला, पुन्हा ऐकली. मग मागच्या वेळच्या टेपचा एक तुकडा शेजारी लावून बघितला आणि आम्हाला काचेतून हात जोडले. सगळी गाणी एका लयीची का, ते त्याला कळलं होतं. हेडफोन एकच होता, तो माझ्या कानांवर आला. बाकीच्यांना तीन नंबर ऐकू येणार नव्हता. त्यांनी फक्त माझ्याकडे बघायचं होतं. मी म्हणजे भिंत. दार लागलं, आईनं डोळे मिटले, आणि माझ्या कानात आमची शेड सुरू झाली. चार ठोके दिले. काका पहिल्या मात्रेवर असा उतरला की गालिच्याखालची जमीन हलली. पंधराव्या मात्रेला मी वर बघितलं, तर चौघंही माझ्याकडे बघत होते. तेच चार चेहरे, तेच डोळे. पण त्या दिवशी त्यांच्या नजरेत विश्वास होता, आणि मला अंगभर इतकं मोकळं वाटलं की शेवटच्या ओळीला मी हसत होते. संध्याकाळी पाचपर्यंत आठही गाणी झाली. फ्रान्सिसचे किती चहा झाले देव जाणे.

कॅसेट पुढे निघाली. ठाणे-भिवंडी-पनवेल पट्ट्यात लग्नसराईत वाजली, मग नवीन गाणी आली आणि ती मागे पडली. दुसरी काढायचं राहून गेलं. हल्ली कुणीतरी ती कॉम्प्युटरवर चढवली आहे म्हणे, आणि परदेशातली पोरं विचारतात की हा ड्रमर कोण. माझी भाची मला वाचून दाखवते आणि मला फार भाव देते. शेडच्या जागी आता गोडाऊन आहे, तिथे दिवसभर ट्रकांचे हॉर्न. ते असू दे. मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं.

काम संपल्यावर रेकॉर्डिस्टनं आम्हाला काचेपलीकडे बोलावलं आणि पहिलं गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं. लूमशिवाय. मला कल्पनाच नव्हती काय ऐकू येणार याची. आम्ही आयुष्यभर वाजवत आलो होतो, पण आमचं गाणं आम्ही त्या क्षणापर्यंत ऐकलेलंच नव्हतं. कायम मध्ये खटाखट नाहीतर जनरेटरची धडधड होती. आता ती नव्हती, आणि आईचा सूर एवढा लांबपर्यंत जातो, हे आईलाही माहीत नव्हतं. ती काकाच्या दंडाला धरून म्हणाली, "मी हाय ती?" काका तोंड फिरवून नाक पुसत होता. दादा वेड्यासारखा मान हलवत होता. खाली, सगळ्यांच्या खाली, एक ठोका चालला होता, न धावता, न रेंगाळता. तो माझा होता.

आप्पा टेबलापाशी उभे होते, हात मागे बांधून, कचेरीत उभे राहायचे तसे. गाणं संपलं. रेकॉर्डिस्टनं पुढचं लावायला हात नेला, तर आप्पांनी त्याला थांबवलं.

"हेच परत लावा," ते म्हणाले. "आणि ड्रम जरा वर घ्या. मुलगी वाजवतेय माझी."